प्लेसमेंट झाली, पुढे काय?

या वेळच्या टपालात बरीच पत्रं एकाच विषयावरची होती : संस्था, ट्रस्ट, मंडळं चालवतात ती रोजगार प्रशिक्षणाची केंद्रं. अशा केंद्रात मी आधी शिकवलं, मग समन्वयक म्हणून बरीच वर्षं काढली, त्यामुळे संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. पत्रं थोडक्यात देते आहे. नावं-गावं काढून टाकली आहेत.

प्रश्न : ताई, माझं वय २२. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं. मग एका संस्थेत डेटा एंट्रीचा कोर्स केला, दुसरीत रिटेल सेल्सचा. दोन्ही फुकट होते, दोन्हीची सर्टिफिकेटं आहेत. दुसऱ्या संस्थेनं नोकरीही लावून दिली, पण मी ती दोन आठवड्यांत सोडली. दुकान बंद करून निघेपर्यंत शेवटची बस गेलेली असायची. आता घरात ‘हा कुठे टिकतच नाही’ हे रोज ऐकतो. जवळच नवीन केंद्र सुरू झालंय, मोबाइल दुरुस्तीची बॅच भरतेय. तिसरा कोर्स करू का?

उत्तर : तू ज्या संस्थेतून रिटेलला लागलास, तिच्या वहीत तुझ्या नावापुढे आजही ‘प्लेसमेंट झाली’ असंच लिहिलेलं असणार. तू सोडलंस हे त्यांना कदाचित माहीतही नसेल. माहीत करून घेण्याची त्यांना गरज नसते, कारण देणगीदाराकडून किंवा सरकारी योजनेतून येणारे पैसे बरेचदा टप्प्याटप्प्यानं येतात : प्रवेश झाले की काही, परीक्षा झाली की काही, नोकरीचं पत्र दाखवलं की उरलेले. पत्राची झेरॉक्स फाईलला लागली की समन्वयक पुढच्या बॅचच्या मागे धावायला मोकळा. मी त्या खुर्चीवर बसलेय. बॅच भरली नाही तर पगार अडकतो, त्यामुळे त्या माणसाला फार दोषही देता येत नाही. काही योजनांमध्ये माणूस तीन महिने कामावर टिकला तरच शेवटचा हप्ता मिळतो. तिथं वागणं लगेच बदललेलं दिसतं.

बसचं म्हणशील तर तो तुझ्या स्वभावाचा दोष नाही. मुलाखतीला पाठवण्याआधी कोणीतरी तुला विचारायला हवं होतं : दुकान कधी बंद होतं, तू राहतोस कुठे, परत कसा येणार? दक्षिण आफ्रिकेत हरंबी नावाची संस्था २०११पासून तरुणांना पहिल्या नोकरीपर्यंत पोचवते. घरापासून कामापर्यंतचं अंतर आणि प्रवासाचा खर्च या गोष्टी ती नोकरी सुचवतानाच बघते. यात फार मोठं शास्त्र नाही. पगार महिना संपल्यावर होतो आणि बसभाडं पहिल्या दिवसापासून लागतं, एवढं ज्याला कळलं त्याला हे सुचतं.

आमच्या एका बॅचमधला मुलगा गोदामात लागला. चौथ्या दिवशी गेलाच नाही. फोन उचलेना, म्हणून मी घरी गेले. ‘बरं वाटत नव्हतं’, ‘तिथले लोक चांगले नाहीत’ असं बरंच काही सांगून झालं. निघताना दारात चपलांकडे माझं लक्ष गेलं. कंपनीला पुढून बंद असलेले बूट लागायचे. याच्याकडे ते नव्हते, तीन दिवस भावाचे घालून गेला, चौथ्या दिवशी भावाची पाळी सकाळची आली. बस, एवढंच. हे तो सुपरवायझरला सांगणं शक्यच नव्हतं, मलाही त्यानं आपणहून सांगितलं नाही. बुटांची सोय झाली, तो परत गेला आणि टिकला. त्या दिवशी मी गेले नसते तर आमच्या फाईलमध्ये तो ‘प्लेसमेंट झाली’ आणि त्याच्या घरी तो ‘न टिकणारा’ ठरला असता.

तेव्हा नव्या केंद्रात गेलास की आधी कोर्सचं विचारू नकोस. मागच्याच्या मागची बॅच कोणती होती ते विचार, आणि त्यातले किती जण आज कामावर आहेत तेही. अगदी मागच्या बॅचचं विचारशील तर ताजे आकडे मिळतील आणि ते छानच असतात. मग विचार, ‘नोकरी लागल्यावर मला फोन कोण करणार?’ समोरच्यानं एखाद्या माणसाचं नाव घेतलं तर बरं. ‘आमची टीम असते ना’ म्हणाला तर कोणीच नसतं. त्या जुन्या बॅचमधल्या दोघातिघांचे नंबर मिळाले तर सगळ्यात उत्तम. नंबर द्यायला केंद्र कां-कूं करेल, आणि ते बरोबरच आहे. म्हणून तुझा नंबर त्यांना द्यायला सांग.

आणखी एक बघ : प्रशिक्षण चालू असतानाच प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी किती दिवस पाठवतात? एक दिवस ‘इंडस्ट्री व्हिजिट’ला नेऊन ग्रुप फोटो काढतात ते सोडून दे. अमेरिकेत बॉस्टनमध्ये २००० साली सुरू झालेला ईयर अप हा कार्यक्रम सुमारे सहा महिने वर्गात शिकवतो आणि पुढचे सहा महिने थेट कंपनीत बसवतो. त्या काळात स्टायपेंड असतो, आणि उशिरा आलात तर त्यातून पैसे कापले जातात. सोडतीनं निवडलेल्या आणि न निवडलेल्या तरुणांची कमाई पुढे काही वर्षं ताडून पाहिली गेली. कार्यक्रमात गेलेल्यांची कमाई बरीच जास्त निघाली आणि तो फरक टिकलाही. तो कार्यक्रम खर्चिक आहे, प्रत्येक केंद्राला जमणार नाही, मान्य. पण महिनाभर तरी? मोबाइल दुरुस्तीच्या वर्गात सगळे जण तेच तेच जुने हँडसेट उघडतात आणि बंद करतात. ज्याला आजच फोन हवाय असं तावातावानं आलेलं गिऱ्हाईक तिथं नसतं. ते काउंटरवरच भेटतं.

माझं मत विचारतोस, तर तिसऱ्या कोर्सची घाई करू नकोस. आधी दुसऱ्या संस्थेत जा, बसचं कारण सरळ सांग आणि सकाळची पाळी असलेलं काम माग. लाजू नकोस. तू परत येऊन कामावर टिकलास तर त्यांच्या अहवालाचंही भलंच होतं. मुलाखतीत त्या दोन आठवड्यांबद्दल विचारलं तर, ‘परतीची बस मिळत नव्हती, दिवसपाळीला माझी काही अडचण नाही’, एवढंच बोल आणि थांब. पुढे खुलासे करत बसलास की समोरच्याला शंका यायला लागते.

प्रश्न : वय ४७. ऑफसेट मशीनवर वीसेक वर्षं काम केलं, आता कंपनीनं छपाईचा विभागच बंद केला. आठ महिने घरी आहे. मुलीनं एका संस्थेचा कार्यक्रम शोधून काढला, ‘१८ ते ५० वयोगट’ असं लिहिलंय. पण माझ्या मुलीच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसायचं? बायकोला वाटतं मी आळशी झालोय. खरं सांगायचं तर मलाही हल्ली तसंच वाटतं. दिवसभर वेळ असूनही साधा पेपर पूर्ण वाचून होत नाही.

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मला फार जुनी एक पाहणी आठवली. ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाचं गाव होतं, सगळं गाव एकाच कापड गिरणीवर जगणारं. १९३०च्या सुमारास गिरणी बंद पडली. मारी याहोडा ही समाजशास्त्रज्ञ आणि तिचे सहकारी तिथं गेले आणि बारीकसारीक गोष्टी टिपत बसले. वेळ भरपूर म्हणजे लोक वाचतील, सभांना जातील, असं कोणालाही वाटेल. झालं उलटंच. वाचनालयातून जाणारी पुस्तकं कमी झाली, आणि तीही वर्गणी माफ केलेली असताना. वर्तमानपत्रं घेणं कमी झालं. त्यांनी तर रस्त्यावरच्या माणसांचा चालण्याचा वेगसुद्धा घड्याळ लावून मोजला होता. पुरुष हळू चालायचे, मध्येच थांबायचे. बायका भराभर चालायच्या, कारण घरचं काम कुठे बंद पडलं होतं! तेव्हा तुम्ही आळशी झालेला नाही. काम जातं तेव्हा दिवसाला असलेला आकारही त्याच्याबरोबर जातो. हे वहिनींना वाचून दाखवा. बायका भराभर चालायच्या हे वाक्यही वगळू नका, त्यांना त्याचा अर्थ तुमच्या आधी कळेल.

आता बाकाचं. अमेरिकेत सॅन अँटोनियोमध्ये १९९० साली लीव्हाय स्ट्रॉसचा कारखाना बंद झाला, हजारेक कामगार घरी बसले, त्यात बहुतेक बायका. तिथल्या वस्त्यांमधल्या आणि चर्चशी जोडलेल्या संघटनांनी मिळून १९९२मध्ये ‘प्रोजेक्ट क्वेस्ट’ उभा केला. शिवणयंत्रावर आयुष्य गेलेल्यांनी आता नर्सिंगसारखं काही शिकायचं होतं, कारण शहरात नव्या नोकऱ्या तिकडे होत्या. फी भरली जायची, प्रवासाला आणि मुलं सांभाळायला मदत असायची. शिवाय दर आठवड्याला समुपदेशकाबरोबर सगळ्यांची बैठक व्हायची. या आठवड्यात कोण का आलं नाही, कोणाचं गणित अडतंय, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे तिथं निघायचं. पुढे बरीच वर्षं मागोवा घेतला गेला आणि कमाईतली वाढ टिकलेली दिसली. आपल्याकडे राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात तर मुद्दाम मध्यमवयीन, न शिकलेल्या बायकांना घेतात आणि सौर दिव्यांची जोडणी-दुरुस्ती शिकवतात. तरुणांना घेतलं तर ते सर्टिफिकेट घेऊन शहर गाठतात, हा त्यांचा हिशोब.

पण तुम्ही नवशिके नाही, हे केंद्रात पहिल्याच दिवशी सांगा. शाई आणि पाण्याचा मेळ बसवणं, चार रंगांचं रजिस्ट्रेशन जुळवणं, मशीनचा आवाज बदलला की कानानं ओळखणं, हे तुम्हाला येतं. छपाईची मागणी बऱ्याच ठिकाणी पुस्तकं-पत्रकांकडून पॅकेजिंगकडे सरकली आहे. तिथं फ्लेक्सो आणि ग्रॅव्ह्यूअर या छपाईच्या पद्धती चालतात. मशीन निराळं, पण रंग बिघडलाय हे सांगणारा डोळा तोच लागतो. दर्जा तपासणीतही तोच डोळा लागतो. त्यामुळे सगळ्यांबरोबर पहिल्या धड्यापासून बसण्यापेक्षा ‘आधी शिकलेल्याची मान्यता’ मिळते का ते विचारा. अनुभव तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय बऱ्याच देशांत आहे. फ्रान्सनं तर २००२मध्ये तसा कायदाच केला. आपल्याकडे तिला आरपीएल म्हणतात. केंद्राला ती देता येत नसेल तर कुठे मिळते ते त्यांनी सांगायला हवं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. वयानं मोठा माणूस वर्गात आला की शिक्षक त्याला फुकटचा मॉनिटर करून टाकतात : हजेरी घ्या, पोरांना गप्प करा. एकदा करा, दुसऱ्यांदा नाही म्हणा, तुम्ही तिथं शिकायला आला आहात. आणि हल्ली अर्ज, चाचणी, मुलाखतीची वेळ, सगळं मोबाइलवरून होतं. तिथं अडत असेल तर शेजारच्या बाकावरच्या पोरालाच विचारा. त्याला मशीनची माहिती हवी असते, तुम्हाला ओटीपी कुठे टाकायचा ते. पहिल्या आठवड्यात हे झालं की बाकाचा प्रश्न बराचसा मिटतो असं मी पाहिलंय.

प्रश्न : वय ३४, लग्नानंतर नोकरी सोडली त्याला नऊ वर्षं झाली. रुग्णसेवा सहायकाचा चार महिन्यांचा कोर्स करायचा आहे. वेळ दहा ते पाच. मुलाची शाळा साडेबाराला सुटते. केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या, ‘कमिटमेंट असेल तरच या.’

उत्तर : त्या मॅडमना वेळापत्रक कोणी करून दिलं ते विचारायला हवं. दहा ते पाच ही वेळ बहुतेक ठिकाणी शिकणाऱ्यांची सोय पाहून ठरत नाही, ऑफिस उघडं असतं म्हणून ठरते.

कोलंबियात २००१पासून काही वर्षं ‘होवेनेस एन अक्सियोन’ नावाचा कार्यक्रम चालला : तीन महिने वर्ग, तीन महिने कंपनीत काम. रोजचा भत्ता सगळ्यांना होता, पण सात वर्षांखालचं मूल असलेल्या बायकांना तो थोडा जास्त, कारण मूल कोणाकडे तरी ठेवूनच त्या येणार हे कार्यक्रम आखणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं. २००५च्या तुकडीची सोडत काढून तुलना केली, तेव्हा बायकांची कमाई सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली दिसली. कमिटमेंट म्हणाल तर ती अशी दोन्ही बाजूंनी लागते.

तुम्ही एकटीनं जाऊ नका. तुमच्यासारख्या आणखी चौघीपाचजणी त्याच कारणानं परत गेलेल्या असणार. त्यांना गाठा आणि ‘सकाळी आठ ते बाराची बॅच काढा, आम्ही एवढ्याजणी आहोत’ असं लेखी द्या. बॅच भरण्याची चिंता केंद्राला केवढी असते ते वर लिहिलंच आहे, ती इथं तुमच्या कामी येईल. मात्र एक आधीच तपासा : कोर्स सकाळचा मिळाला तरी पुढची नोकरी पाळ्यांची असते. रुग्णालयात रात्रपाळी चुकत नाही. ती जमणारच नसेल तर ठरावीक तास असलेले दवाखाने, तपासणी केंद्रं, घरी जाऊन रुग्णसेवा, यांतलं काही त्या केंद्राच्या ओळखीत आहे का ते प्रवेशाआधी विचारा. चार महिने शिकून मग हे कळण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आमच्या मंडळाकडे एक हॉल आहे, दहा कॉम्प्युटर देणगीत मिळाले आहेत, उत्साही कार्यकर्ते आहेत. परिसरातल्या बेरोजगार तरुणांसाठी प्रशिक्षण केंद्र काढायचं आहे. कोणता कोर्स सुरू करावा?

उत्तर : कॉम्प्युटर मिळाले म्हणून कॉम्प्युटरचा कोर्स, असं होऊ देऊ नका. शिवणयंत्रं मिळाली म्हणून शिवणवर्ग काढलेली आणि दोन वर्षांनी यंत्रांवर चादर घातलेली केंद्रं मी पुष्कळ पाहिली आहेत.

आधी महिनाभर हॉलला कुलूप लावा आणि कार्यकर्त्यांना बाहेर पाठवा. पायी जाता येईल अशा अंतरातली गॅरेजं, दवाखाने, वेल्डिंगची दुकानं, कुरिअरची ठिकाणं, वातानुकूलन दुरुस्त करणारे, सुतार. ‘माणूस हवाय का?’ असं विचारू नका, सगळे ‘हो’ म्हणतात. ‘गेल्या वर्षात तुम्ही कोणाला ठेवलंत, तो का गेला आणि आता ती जागा कशी भागवता?’ असं विचारा. या प्रश्नाला माणूस खरं बोलायला लागतो. वेल्डर म्हणेल, ‘पोराला वेल्डिंग मी शिकवीन, पण टेपनं माप घेताना चुकतो आणि पत्रा वाया जातो.’ झालं, तुमचा पहिला कोर्स माप घ्यायचा. पंधरा दिवसांचा असेल आणि त्याला भारदस्त नाव नसेल, पण त्या वेल्डरकडे जागा आहे.

कदाचित वर्गाचीही गरज पडणार नाही. बांगलादेशात ब्रॅक ही संस्था शाळा अर्धवट सुटलेल्या मुलामुलींना वस्तीतल्याच उस्तादांकडे सहा महिने कामाला लावते. शिकणं बहुतेक दुकानात, वर्गात थोडंच. संस्थेचं काम म्हणजे उस्ताद नीट निवडणं, त्याला मोबदला देणं, आणि मूल तिथं शिकतंय की नुसतं झाडू मारतंय यावर डोळा ठेवणं. हे शेवटचं सगळ्यात कठीण आहे. त्यासाठी अवेळी, न सांगता दुकानात डोकवावं लागतं.

आधी वर्षभर तयारी आणि मग नोकरी, हा क्रमही पक्का धरू नका. गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी अमेरिकेत १९९०च्या दशकात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) नावाची पद्धत उभी केली. तिच्यात तो क्रम उलटा केला : माणसाला हवं ते काम आधी शोधायचं, आणि कामावर असताना मागे उभं राहायचं. निरनिराळ्या देशांत घेतलेल्या चाचण्यांमध्ये हीच पद्धत सरस ठरली. ज्यांच्याबद्दल ‘अजून तयार नाही’ असं सगळ्यात जास्त म्हटलं जायचं त्यांच्या बाबतीत हे घडलं, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं.

पैशाचं म्हणाल तर सगळ्यात आधी एका माणसाच्या पगाराची तरतूद करा, शिक्षकाच्याही आधी. त्याचं काम एवढंच : कामाला लागलेल्या प्रत्येकाला तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या सोमवारी आणि पहिल्या पगाराच्या दिवशी फोन करायचा, मालकालाही करायचा, गरज पडली तर घरी जायचं. दुसरा सोमवार मुद्दाम सांगतेय. पहिल्या आठवड्याची नवलाई सरलेली असते आणि पगार अजून लांब असतो. देणगीदार या पगाराला पैसे द्यायला नाखूश असतात, कारण त्याचा फोटो निघत नाही. कॉम्प्युटरवर त्यांचं नाव चिकटवता येतं. मंडळाच्या सभासदांकडून वर्गणी काढा, पण हा माणूस ठेवा. कार्यकर्त्यांच्या उत्साहावर हे काम सोडू नका, दुसरी बॅच येईपर्यंत तो पातळ होतो.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर दहापैकी दोन ठेवा, संध्याकाळी सात ते नऊ, ज्यांना अर्ज भरायचे आहेत त्यांच्यासाठी, आणि शेजारी बसून भरायला मदत करणारं कोणीतरी हवंच. उरलेले आठ ज्या शाळेला हवेत तिला देऊन टाका.